गुणाजी आमच्याकडे पाणी पीत नसे

गुणाजी साळवी चोवीस वर्षं आमच्या घरी येत होता आणि चोवीस वर्षांतली शेवटची नऊ वर्षं तो आमच्याकडे पाणी प्यायला नाही. पाणी नाही, चहा नाही, सरबत नाही. दिवाळीत चकली खायचा, एरवी चिवडा, तोही कोरडाच, आणि ठसका लागला तरी छाती चोळत बसायचा. आमची ही म्हणायची, "अहो, पाणी सोडणारा माणूस पाण्याला नाही म्हणतो, काय म्हणावं?" तो म्हणायचा, "पित्त आहे, वहिनी." पाण्याने पित्त होतं असं मी तरी ऐकलं नव्हतं. पण माणसं विचित्र असतात, आणि मी खोपटच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून तीस वर्षं काढल्यामुळे याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही.

गुणाजी आमच्या भागातला पाणीवाला. विठ्ठलवाडी स्टेशनपासून वर चढत येणाऱ्या आमच्या रस्त्यावर जमिनीखाली पाण्याची लाइन आहे, आणि तिच्या चाव्या, म्हणजे पाणी सोडायचे व्हॉल्व्ह, कुठे आहेत हे त्या एकट्याला पाठ. खांद्यावर त्याच्याहून उंच लोखंडी चावी टाकून तो दुपारी साडेचारला निघायचा. फुटपाथवरचं झाकण उघडायचं, चावी खाली सोडायची आणि आटे मोजत फिरवायची. आमच्या कोपऱ्यावरची चावी साडेअकरा आट्यांची. बारा केले तर वरची लाइन कोरडी पडते, अकरा केले तर खालच्या चाळी. रस्ता काँक्रीटचा झाला तेव्हा ठेकेदाराने चार झाकणं पुरून टाकली. इंजिनिअर नकाशा घेऊन अर्धा दिवस फिरला. शेवटी गुणाजीने पानाच्या टपरीपासून सात पावलं मोजली, टाच आपटली आणि म्हणाला, "इथे फोडा." तिथेच झाकण निघालं.

आम्ही इथे राहायला आलो तेव्हा गच्चीवरून म्हशींचे गोठे दिसायचे आणि पुढे भातशेती. आता गच्चीवरून दुसऱ्यांच्या गच्च्या दिसतात. तक्रार करत नाही. रात्री-अपरात्री औषध मिळतं, गल्लीच्या तोंडाशी तीन डॉक्टर आहेत, आणि माझ्या लहानपणी ज्या विषयांची नावंही ऐकली नव्हती ते शिकवणारं कॉलेज रिक्षाच्या अंतरावर आहे. शहर वाढतं तेव्हा ते पुष्कळ देतं. फक्त जमिनीखालचा पाइप तोच राहतो आणि त्याला तोंडं वाढत जातात.

आमची 'सुमंगल' सोसायटी चार मजल्यांची. मी तिचा सेक्रेटरी झालो, कारण पहिल्या मीटिंगला मी एकटाच वेळेवर पोहोचलो होतो. नऊ वर्षांपूर्वी आमच्या खालच्या टाकीला तडा गेला. ती दुरुस्त करायची तर घोळ फार, म्हणून आम्ही सोपा रस्ता काढला. रस्त्यावरच्या लाइनलाच थेट पंप जोडला आणि पाणी ओढून गच्चीवर चढवू लागलो. हे करायला मनाई आहे. पण समोरच्यांनी केलं होतं, शेजारच्यांनीही. त्यांचा पंप म्हणजे चोरी आणि आमचा म्हणजे सोय. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मला तेव्हा आठवली नाही. पाणी पाचला यायचं. पंपखोलीची किल्ली माझ्याकडे. पाच वाजून दहा मिनिटांनी मी बटण दाबायचो, एक मिनिट पुढे नाही की मागे नाही. एसटीची सवय.

गुणाजी एकदा म्हणाला होता, "साहेब, लाइनवर पंप बरा नाही. खाली ओढ लागते."

"सगळेच लावतात, गुणाजी."

"हो," तो म्हणाला. "सगळेच." आणि चिवडा खात बसला. तो विषय त्याने पुन्हा काढला नाही, आणि मीही नाही.

मे अखेरीला तो रिटायर होणार होता. सोसायटीने ठरवलं की त्याला शाल-श्रीफळ द्यायचं आणि त्याच्या बायकोची ओटी भरायची. कल्पना माझीच. त्याला आधी कळू द्यायचं नव्हतं, म्हणून तो कामावर असेल अशी वेळ धरून एका दुपारी मी त्याच्या घरी निघालो. पंपाची किल्ली वॉचमन भिवाकडे दिली आणि दोनदा बजावलं, "पाच दहा. विसरू नकोस."

चोवीस वर्षांत मी त्याच्या घरी पहिल्यांदाच जात होतो, हे मला रस्ता विचारायची वेळ आली तेव्हा कळलं. आमच्या रस्त्याचा उतार जिथे संपतो तिथे, नाल्याच्या अलीकडे, बारा खोल्यांची बैठी चाळ आहे. शेवटून दुसरी खोली त्याची. दारात निळी पिंपं, हंडे, कळशा, तेलाचे डबे एका ओळीत मांडलेले, आणि नळासमोर पाटावर भागीरथीबाई बसलेल्या. गुणाजीची बायको. साठीला आलेली, गुडघ्यांना पट्टे.

मी नाव सांगितलं. त्या उठल्या, गुडघ्यावर हात देऊन, आणि आतून तांब्या-फुलपात्र घेऊन आल्या. आपल्याकडे पाहुणा आला की आधी पाणी, मग बाकीचं. ऊन मी म्हणत होतं. मी फुलपात्रात ओतून ओतून सगळा तांब्या संपवला आणि वर म्हटलं, "थंडगार आहे हो."

"माठातलं आहे. परवाचं," त्या म्हणाल्या.

खोलीत दोन ट्रंका बांधून ठेवलेल्या दिसल्या. मी विचारलं. त्या म्हणाल्या, "गावाला जातोय आम्ही. संगमेश्वरकडे. तिथे आता दारात नळ आलाय, दोन टाइम पाणी. दीर सांगत असतो फोनवर. इथे मी पस्तीस वर्षं हंडे उचलले. आता गुडघे नाही म्हणतात. यांना सांगितलंय, निघायच्या दिवसापर्यंत या नळाला अर्धा तास सलग पाणी आलं तर राहू, नाहीतर चला. पंधरा जूनची तिकिटं काढलीत."

"गुणाजी तयार आहे?"

त्यांनी ट्रंकेच्या दोरीची गाठ आवळली. मग म्हणाल्या, "त्यांचा पाय निघत नाही. आमची लेक समिधा इकडेच बाळकुमला दिलेली, नर्स आहे. आणि त्यांचं ते हृदयाचं. तीन वर्षांपूर्वी छातीत कळ आलेली, तर पंधरा मिनिटांत दवाखान्यात होते. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर संपलं होतं. गावाहून मोठा दवाखाना दीड तास. मला काय कळत नाही का? रात्री त्यांचा श्वास ऐकत पडते मी. पण पाण्यावाचून कशी राहू, सांगा. इथे दवाखाना आहे आणि पाणी नाही, तिथे पाणी आहे आणि दवाखाना नाही. देवाने वाटणी करताना काय बघितलं कोण जाणे."

पाच वाजले. नळातून आधी हवा आली, मग करंगळीएवढी धार. भागीरथीबाई पुढे सरकल्या. पहिली कळशी भरली, दुसरी भरली, हंडा अर्धा झाला. शेजारणीही आपापल्या नळाशी बसल्या होत्या. मी पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, येतंय की पाणी, चांगलं येतंय.

"आता बघा," त्या म्हणाल्या.

धार बारीक झाली, तुटली, थांबली. नळाने एक लांब घरघर केली. त्या म्हणाल्या, "हात द्या." माझा तळहात धरून त्यांनी नळाच्या तोंडाला लावला. नळ आत ओढत होता. पाणी देणारा नळ माझा हात आत खेचत होता.

"वर कुणीतरी पंप लावतं. कुठली बिल्डिंग, म्हणून यांना कितीदा विचारलं. यांना सगळी लाइन पाठ, पण एवढं सांगत नाहीत. म्हणतात, भांडून पाणी वाढत नाही. पण जो कोण आहे ना तो," त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "माणूस वेळेचा पक्का आहे. रोज पाच दहा."

घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. भिवा विसरला नव्हता.

मी निमंत्रण दिलं नाही. काहीतरी पुटपुटलो आणि उठलो. चढाव चढताना त्या रिकाम्या केलेल्या तांब्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. मला माझी लाज वाटली. अशी लाज या वयात वाटणं चांगलं नसतं, कारण पुढे ती धुऊन काढायला वर्षं फार उरलेली नसतात.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या चावीपाशी त्याला गाठलं. तो आटे मोजत होता, म्हणून साडेअकरा आटे होईपर्यंत थांबलो.

"गुणाजी, आमच्याकडे पाणी का पीत नाहीस तू?"

त्याने चावी वर ओढली, फडक्याने पुसली. "ती म्हणाली, तुम्ही येऊन गेलात." मग म्हणाला, "साहेब, घरचंच पाणी दुसऱ्याकडे पाहुणा म्हणून कसं प्यायचं? घशाखाली उतरत नाही."

"बायकोला आमचं नाव का नाही सांगितलंस?"

"सांगून काय? ती तुमच्या दारात येऊन भांडली असती. तुम्ही चांगली माणसं. दिवाळीला बोलावता."

"अर्धा आटा जास्त फिरवला असतास तरी आमचा पंप कोरडा पडला असता. तुझ्या हातात होतं."

"हो. पण मग मी पाणीवाला राहिलो नसतो," तो म्हणाला आणि पुढच्या झाकणाकडे गेला.

मी मीटिंग बोलावली. लाइनवरचा पंप काढायचा, टाकीचा तडा बुजवायचा, लाइनच्या जोरावर जेवढं येईल तेवढं टाकीत घ्यायचं आणि तिथून वर चढवायचं. लोक म्हणाले, आपण सोडलेलं पाणी शेजारचे ओढतील. ते खरं होतं, म्हणून मी शेजारी गेलो. तिथली सेक्रेटरी समीक्षा, तिशीतली मुलगी, लॅपटॉप मांडीवर घेऊन म्हणाली, "काका, आमच्याकडे ऑलरेडी शॉर्टेज आहे." मी वाद घातला नाही. तिला पाच वाजता खाली चाळीत नेलं आणि भागीरथीबाईंना म्हटलं, "हिचा हात धरा नळाला. आणि वहिनी, एक पंप यांचा आहे, एक आमचा. आमचं बटण मी दाबतो."

भागीरथीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी समीक्षाचा हात नळाला लावला.

"काका, हे खेचतंय," समीक्षा म्हणाली. हात काढून घेतल्यावरही ती बराच वेळ तळव्याकडे बघत होती. त्यांचा पंप पुढच्या आठवड्यात निघाला. समोरच्या बिल्डिंगचे श्रीपादराव मात्र बधले नाहीत. हो-ना करत शेवटी एवढंच कबूल केलं की ते सहा वाजल्यानंतर लावतील. तेवढं तर तेवढं.

टाकीची दुरुस्ती बारा दिवस चालली. तिसऱ्या मजल्यावरचे जिन्यात भेटले तर तोंड फिरवायचे. आमची ही अर्ध्या बादलीत अंघोळ करायची आणि म्हणायची, "नऊ वर्षांचं पाप बारा दिवसांत फिटतंय, मुकाट्याने सोसा." लाइनवरच्या पंपाचं बटण आता नाही, पण पाच वाजून दहा मिनिटं झाली की माझं बोट अजून चाळवतं. चौथ्या मजल्याला आठवड्यातून दोनदा पाणी कमी पडतं, आणि त्याबद्दल मला ऐकून घ्यावं लागतं. ऐकतो.

मे संपला. गुणाजी रिटायर झाला. शाल आमच्या कपाटातच राहिली, कारण ती द्यायला माझा हात उचलत नव्हता. चाळीत काय चाललंय ते विचारायचीही हिंमत झाली नाही. कॅलेंडरवर मी पंधरा जूनकडे बघायचो आणि पान उलटायचो.

बारा जूनला, रविवारी, गुणाजी आला. खांद्यावर चावी नव्हती, त्यामुळे थोडा उघडा वाटत होता. दारापाशीच्या नेहमीच्या खुर्चीत बसला. मी पायरीपायरीने विचारायचं ठरवलं होतं, पण तोंडून एकदमच निघालं, "तिकिटं?"

"परत केली, साहेब. आठ दिवस सलग अर्धा तास आलं. काल तर पिंपं भरून वर पाच मिनिटं. तिने ट्रंका सोडल्या. म्हणते, हा पावसाळा बघू, नळाने दगा दिला तर गाव आहेच." मग हळू आवाजात म्हणाला, "मी काही बोललो नाही. बोललो असतो तर रडलो असतो."

ही आतून चिवड्याची बशी घेऊन आली, सवयीने. त्याने ती घेतली, स्टुलावर ठेवली आणि म्हणाला, "वहिनी, आधी पाणी द्या."

ही क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि आत गेली. तांब्या-फुलपात्र आणलं. गुणाजीने फुलपात्र बाजूला ठेवलं, तांब्या वर उचलला आणि वरूनच, ओठ न लावता, सगळा संपवला. एक थेंब शर्टावर पडला नाही. मग रिकामा तांब्या हिच्या हातात दिला.

"चहा टाकता का?"

"आणि तुमचं पित्त?" हिने विचारलं.

"गेलं, वहिनी," तो म्हणाला.