कलकत्त्याचा रकाना

शेंदूरजनाघाटच्या संत्रा बागायतदारांनी सोसायटी काढली, तेव्हा आधी टेलिफोन घेतला आणि मग फळा. गावात भावाची पाटी त्याआधीही होती, पण ती अडत्यांच्या दुकानापुढे लागायची आणि तिच्यावर अडत्यांच्या सोयीचं तेवढंच असायचं. म्हणून अध्यक्ष खुशालरावांनी मोठ्या पत्र्याला काळा रंग दिला, त्यावर उभ्याआडव्या रेघा मारून घेतल्या. वरच्या अंगाला नागपूर, दिल्ली, कलकत्ता. डावीकडे काल किती माल उतरला, काय भाव फुटला, भाडं-हमाली किती, आणि सगळं वजा जाता पेटीमागे हाती काय राहील. नागपूरला सोसायटीने चंद्रभान नावाचा माणूस बसवला होता. दिल्ली-कलकत्त्याच्या तारा त्याच्याकडे येत आणि तो त्या रोज फोनवर वाचून दाखवी.

हा फळा लिहायचा कोणी? बागायतदारांची शिकलेली पोरं काही दिवस बसली आणि कंटाळून उठली. काम लिहिण्याचं थोडं आणि वाट पाहण्याचं फार. सकाळी ट्रंक कॉल मागायचा, एक्स्चेंजवाला ‘थांबा’ म्हणायचा आणि दुपार कलेपर्यंत त्या काळ्या यंत्रापासून हलता यायचं नाही. शेवटी खुशालरावांनी पेट्या भरायच्या आवारातून माणिकबाईला बोलावलं.

माणिकबाई चाळिशीची, विधवा, बौद्धपुऱ्यात राहणारी. लहानमोठी फळं निवडण्याच्या मजुरीवर यायची. चौथी शिकली होती. छप्पनच्या दीक्षेनंतर तिच्या नवऱ्याने, श्रावणने, पुऱ्यात संध्याकाळचा वर्ग काढला होता, तिथे ती बायांना अंक शिकवायची. श्रावण तापाने गेला आणि वर्ग मोडला. तिचं अक्षर मोठं, सुटं, रस्त्यावरून वाचता येईल असं. खुशालरावांना तेवढंच हवं होतं.

“बसून राहाचं काम आहे,” ते म्हणाले. “मजुरी तेवढीच भेटन. जमन का?”

“बसाचंच तं आहे,” ती म्हणाली.

बसण्यानेही माणूस थकतं हे तिला पहिल्याच हंगामात कळलं. कानाला यंत्र लावून खरखरीतून आकडे वेचायचे. कलकत्त्याचा एक आकडा हलला की त्याच्या खालचे सगळे हलत. पुसायचं, गुणायचं, वजा करायचं, स्टुलावर चढून लिहायचं. खाली उतरावं तर फोन पुन्हा वाजे. “बाई, दुसरी तार आली,” चंद्रभान तिकडून ओरडे. खांदा भरून येई, घशात खडूची भुकटी बसे. सोसायटीच्या माठाला तिने हात लावावा असं कोणी म्हटलं नव्हतं, म्हणून ती घरून तांब्या भरून आणायची, आणि तो दुपारच्या आत संपायचा. संध्याकाळी चुलीपुढे बसली तरी डोळ्यांपुढे रकानेच. रविवार नव्हता, सण नव्हता. कलकत्त्याला बाजार भरला की इथे फळा भरायचा.

एकुलती लेक सुंदरा हिवरखेडला दिली होती, तिकडे तेल्हाऱ्याकडे. जाऊन यायचं तर दोन-तीन बस बदलून अख्खा दिवस मोडे. लग्नानंतर माणिकबाई तिच्याकडे एकदाच गेली होती.

पासष्टच्या फाल्गुनात, मृगबहाराचा माल झाडावर पिवळा होऊन उभा असताना, एका दुपारी वावधान सुटलं आणि वरुडकडच्या वाटेवरचे तारांचे खांब आडवे झाले. फोन मुका झाला. फळ्यावर आदल्या दिवशी लिहिलेले आकडे होते, आणि कलकत्त्याचा भाव त्या हंगामात सगळ्यांत चढा होता. सकाळी माणिकबाई आली, यंत्र उचलून पाहिलं, ठेवलं, आणि ओलं फडकं घेऊन तिन्ही रकाने पुसून टाकले.

आवारात नत्थुजी उभे होते. त्यांचा बगीचा मोठा, माल तोडायला टेकलेला.

“काहून पुसला वं?” ते म्हणाले. “चांगला भाव होता तो.”

“तो परवाच्या बाजाराचा होता जी. आजची खबर नाई.”

“खबर नाई तं असू दे. अंदाज तं येते माणसाले.”

“लिहिलेलं दिसलं का लोक आजचंच समजतात, नत्थुजी.”

तो दिवस ती नुसती शिव्या खात बसली. चुकीच्या आकड्यावर कोणी कधी चिडलं नव्हतं, तेवढे लोक कोऱ्या फळ्यावर चिडले. येईल तो विचारी, हात हलवी, निघून जाई. दुसऱ्या दिवशीही फोन मुकाच होता. त्याच सकाळी हिवरखेडहून जावयाने, धर्मपालने, पाठवलेला माणूस येऊन दारात उभा राहिला. सुंदरा बाळंतपणाला अडली होती. माणिकबाईने खुशालरावांना सांगितलं, लुगड्याचा पदर खोचला आणि बसस्टँड गाठला. खुशालरावांनी मान डोलावली, पण फळ्याचं काय करायचं हे कोणालाच सांगून ठेवलं नाही.

ती पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. सुंदरा वाचली होती. लेकरू वाचलं नव्हतं. माणिकबाई लेकीच्या उशाशी बसली, तिच्या कपाळावरचा घाम पुसत राहिली. सुंदरा डोळे मिटूनच म्हणाली, “तुले सुट्टी भेटली का माय?” लेक उठून बसेपर्यंत माणिकबाई तिथेच राहिली. त्या दिवसांत तिने कोणाचं काही ऐकायला कान टवकारले नाहीत. दुपारी झोप यायची, आणि ती झोपायची.

गावी परतली ती थेट आवारातल्या गलक्यात. ती गेली त्या दिवशीच नत्थुजींनी स्वतः स्टुलावर चढून कलकत्त्याचा जुना भाव आठवून लिहिला होता. त्यांच्या मनात खोट नव्हती. लोकांना काहीतरी दिसावं एवढंच. पण बाहेरगावचे बागायतदार आले, त्यांना तो आजचा वाटला. ज्याने त्याने माल तोडला आणि कलकत्त्याच्या वाटेला लावला. तिकडे मालगाडीच्या डब्यांमागून डबे येऊन उभे होते, भाव पार बसला होता. माल पडून सडला. नत्थुजींचाही.

“तू गेली म्हणून झालं हे!” नत्थुजी तिला पाहताच कडाडले. “ऐन टाइमाले फळा टाकून गेली!”

माणिकबाई भिंतीला टेकली. प्रवासाने पाय सुजले होते.

खुशालराव मध्ये पडले. आवाज खाली आणून म्हणाले, “जाऊ द्या नत्थुजी. थकून आली ते. काय झालं वं, नातू का नात?”

“नात होती,” ती म्हणाली. “नाई राह्यली.”

नत्थुजी पागोटं काढून मांडीवर घेऊन बसले. म्हणाले, “मीनंच लिहिलं होतं ते, माणिकबाई. तुले बोलाले नोको होतं मीनं.”

तिला त्यांचा राग आला नाही. राग यायलाही अंगात काही लागतं.

फोन सुरू झाला होता आणि खुशालरावांनी खडूचं खोकं तिच्यापुढे केलं. तिने ते घेतलं नाही.

“एकटीच्यानं नाई होत आता मले,” ती म्हणाली. “दुर्गाबाईले शिकवतो मी. आठ दिवस ते, आठ दिवस मी. अन् खबर नसन तं फळा कोरा राहीन. कोणाचाच हात नाई लागला पायजे.”

दुर्गाबाई तिच्याबरोबर फळं निवडणारी, तिच्याच पुऱ्यातली. आवारातले दोघेतिघे कुरकुरले. “एक बाई पुरत होती,” कोणी म्हणालं. खुशालराव फळ्याकडे पाहत म्हणाले, “पुरत नव्हती. आपण पुरवून घेत होतो.” आणि दुर्गाबाईला बोलावणं गेलं.

माणिकबाईने तिला आकडे ऐकायला शिकवलं, रकाने धरायला शिकवलं. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर खबर कुठल्या दिवसाची ते लिहायची रीतही दोघींनी पाडली. लोक आधी तो दिवस वाचू लागले, मग भाव. खांदा मात्र सुटला नाही; थंडीत हात कानापर्यंत जायचा नाही, तेव्हा वरच्या ओळी दुर्गाबाई लिहून द्यायची. आठ दिवस मोकळे मिळाले की माणिकबाई बहुतेक झोपायची, नाहीतर हिवरखेडची बस धरायची.

सदुसष्टात सुंदराला मुलगा झाला. त्या वेळी माणिकबाई आधीपासूनच तिथे होती, महिनाभर राहिली. इकडे ऐन बहार चालला होता. त्या महिन्यात फळ्यावर काय चढलं, काय उतरलं, ते तिने परतल्यावर विचारलंही नाही.