पुलांसाठी आलेली तार

मी हिंगोली स्टेशनावर तारबाबू होतो, तेव्हाची ही गोष्ट. राज्य निजामाचं होतं. चैत्र लागला होता आणि दुपारी फलाटावर अनवाणी पाय ठेववत नव्हता. अशात एका सकाळी हवामानाची तार आली. वऱ्हाडात गारांसह जोराचा पाऊस, दोन दिवसांत नद्यांना पाणी येण्याचा संभव, पुलांवर नजर ठेवावी. आमच्या भागात पाऊस सांगितला नव्हता, उलट उष्मा वाढणार होता.

तार रेल्वेच्या माणसांसाठी होती. पण कयाधू वऱ्हाडातूनच येते, आणि तिच्या कोरड्या पात्रात एका म्हाताऱ्या बागवान जोडप्याची टरबुजाची वाडी होती. उन्हाळाभर ती दोघं तिथंच झोपडी घालून राहत. मी स्टेशनमास्तरांना विचारलं. ते म्हणाले, सांगायचं तर सांगा. पाणी आलं नाही तर निस्तरायचं तुम्हीच.

मी पात्रात जाऊन सांगितलं. बागवानानं आभाळाकडं पाहिलं. ढग नव्हता. फळं पिकायला आणखी आठ दिवस हवे होते, तो ती तोडायला तयार होईना. बायकोनं मात्र मला दोनदा विचारून घेतलं, तार नक्की कुठल्या मुलखाची आहे. मग ती उठली आणि वरच्या अंगाच्या वेलांवरची फळं तोडायला लागली. संध्याकाळपर्यंत तिनं झोपडीतलं सामान आणि शेळ्याही काठावर नेल्या.

दुसरा दिवस कोरडा गेला. ऊन फार होतं. दुपारी बागवान स्टेशनावर आला, एक टरबूज माझ्या टेबलावर ठेवून त्यानं चाकूनं चिरलं. आत पांढरं होतं.

"हे बघा बाबू," तो म्हणाला. "अर्धी वाडी अशी तोडली तिनं. तुमच्या सांगण्यावरून."

मास्तर आपल्या कागदांत बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं. आमच्यावर एक थेंब पडला नव्हता. गढूळ, काटक्या आणि फेस घेऊन ते पात्रभर पसरलं आणि घटकाभरात कमरेला लागलं. बागवान खालच्या वेलांत होता. बायकोनं काठावरून हाका मारल्या, तेव्हा तो निघाला. खालची सगळी वाडी आणि रिकामी झोपडी वाहून गेली.

मी पोचलो तेव्हा तो ओल्या धोतरानं काठावर बसला होता. बायको म्हणाली, "बाबू, त्यांचं मनावर घेऊ नका. जीव वाचला, बराबर झालं."

कच्ची टरबुजं तिनं भाजीसाठी बाजारात विकली. लोकांनी घेतली, भाव थोडा आला. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी त्याच जागी वाडी लावली. त्या वर्षी ती दर दोन-चार दिवसांनी स्टेशनावर येऊन तार आली का विचारायची. बहुतेक वेळा हवामानाचं काही नसायचं, आणि मी तसं सांगायचो.