नळाचा खड्डा

आमच्या गावात नळ भिंतीला नसतो, खड्ड्यात असतो. आंजीच्या पुढचं हे गाव. दारोदारी खड्डे दिसले की नवखा पाहुणा विचारतो, इथे काय पुरलंय. काही पुरलेलं नाही. टाकीचं पाणी वर चढत नाही, म्हणून आम्ही त्याच्याकडे उतरतो. पाइपचं तोंड जितकं खाली, तितकी धार बरी. शेजाऱ्याने वीतभर जास्त खणलं की त्याची बकेट आधी भरते आणि मग आपल्यालाही कुदळ काढावी लागते. अशी सगळी आळी चढाओढीने खाली चालली आहे.

आई तिथे एकटी राहते, मी वर्ध्याला नालवाडीत. तिचे गुडघे गेलेत. खड्ड्यात उतरायचं, पाण्याचा पितळी गुंड भरायचा, तो उचलून काठावर ठेवायचा आणि मग स्वतःला वर काढायचं, हे सगळं तिचं तीच करते. माझ्याकडे चल म्हटलं की म्हणते, माझं पाणी मला भरता येतं तोवर मी माझ्या घरात. या अटीवर आमचं भांडण मिटलेलं आहे. उन्हाळा लागला की मला मात्र धडकी भरते.

मग नवी योजना आली. गावाबाहेरच्या लेआऊटमधल्या नव्या घरांपर्यंत पाइप गेले, घरोघरी चकचकीत तोट्या बसल्या, फोटो निघाले. टाकी तीच, विहीर तीच. वाटेकरी वाढले आणि आमच्या आळीची धार करंगळीएवढी झाली. ग्रामसभेत इंजिनिअर साहेबांनी समजावलं की खड्ड्यांनीच घोळ केलाय. सगळ्यांनी एकदम बुजवले तर सर्वांना वरच सारखं पाणी मिळेल. त्यांचं चुकत नव्हतं. अख्ख्या आळीने हात वर केले. मी आईशेजारीच बसले होते.

घरी येताच आईने माणूस लावला आणि दिवस मावळायच्या आत पाइप वर घेऊन, नवी तोटी लावून खड्डा बुजवून घेतला. वर शेणाचा सडाही टाकला. मी थोडं थांब म्हणत होते. हात वर केला ना आपण, ती म्हणाली, आणि विषय संपला. बाकीची आळी मात्र दुसऱ्याचा खड्डा आधी बुजायची वाट पाहत बसली. कोणी लबाड नव्हतं. समोरच्याने बुजवला की आपण बुजवू, तोवर घरात पाणी तर हवं, असं प्रत्येकाला वाटत होतं. पुढच्या खेपेला नळ आले तेव्हा आईच्या नव्या तोटीतून नुसती हवा फुसफुसली. समोरच्या वहिनींनी गुंडभर पाणी आणून दिलं. आईने ते घेतलं, पण फोनवर सांगताना तिचा आवाज पडलेला होता. मला राग आला, तो कोणावर काढायचा ते कळेना. आता तर रागाचाही कंटाळा आलाय.

रविवारी गेले आणि त्याच माणसाला परत बोलावलं. त्याने समोरचा खड्डा नजरेनेच मापला. त्याच्याहून खाली गेल्याशिवाय थेंब येणार नाही म्हणाला आणि खणायला लागला. आई काठावर खुर्ची टाकून बसली. तो कंबरेपर्यंत आत गेला तेव्हा तिने त्याला बाहेर यायला लावलं. मग स्वतः कडेला धरून खाली उतरली आणि तशीच वर आली. वेळ लागला. मी पुढे केलेला हात तिने घेतला नाही.

"आता बस," ती त्याला म्हणाली. "मले उतरता येते तेवढाच खंद."

"काकू, पाणी अजून खाली हाये."

"असू दे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला फावडं ठेवून तिथेच तोटी बसवायला सांगितलं.

संध्याकाळी नळ आले. समोरच्या खड्ड्यात बकेट भरल्याचा आवाज येत होता. आईची तोटी ओली झाली, एवढंच. ती गुंड धरून खाली बसून राहिली, आणि मी काठावर उभी राहून माझ्या घरात तिची खाट कुठे मावेल याचा विचार करत होते.