मामा यायच्या आधीच बंद पडलेली मालिका

नव्वदच्या दशकात आम्ही बंगळूरला राजाजीनगरात राहायचो. बाबा सरकारी कारखान्यात इंजिनिअर. आईला कन्नड फारसं येत नव्हतं, तरी दर गुरुवारी संध्याकाळी शेजारच्या अक्का आल्या की दोघी मिळून एक कन्नड मालिका बघायच्या. मी शाळेत कन्नड शिकत होते, म्हणून दुभाष्याचं काम माझ्याकडे.

मालिकेतली मुलगी सावत्र आईच्या जाचाला कंटाळून मामाची वाट बघत होती. आईचा सगळा जीव त्या मामात अडकलेला. माझा मामा सांगलीला. दरवर्षी 'भाऊबीजेला नक्की येतो' म्हणायचा आणि यायचा नाही.

"बघ, हिचा मामा येईल आणि हिला आजोळी घेऊन जाईल," आई म्हणाली. मी ते अक्कांना सांगितलं.

"आजोळी कशाला? लग्न करेल की तिच्याशी!" अक्का म्हणाल्या.

"मामाशी? शी!" आईने कानांवर हात ठेवले. अक्का पोट धरून हसल्या. त्यांचं स्वतःचं लग्न सख्ख्या मामाशीच झालं होतं. ते कळल्यावर आईला कुठे तोंड लपवू असं झालं.

"लग्न करू दे, नाहीतर काहीही करू दे. पण येईल ना तो?" आईने विचारलं.

"बंदे बरताने," अक्का म्हणाल्या. येणारच. हे मला सांगावं लागलं नाही, आईला कळलं.

त्या गुरुवारी मामा एकदाचा गाडीत बसला आणि भाग संपला. पुढच्या गुरुवारी त्याच वेळेला सिनेमाची गाणी! ना सूचना, ना काही. बघणारे कमी होते, असं पुढे कुणीतरी म्हणालं. अहो, आम्ही तिघी काय भिंतीकडे बघत होतो? गाडीतून उतरवायचं तरी होतं त्याला! तो एक भाग मला अजूनही हवा आहे.

दिवाळी आली. ज्यांना भाऊ नसतो त्या भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. आई कधी ओवाळायची नाही, "मला भाऊ आहे," म्हणायची, आणि तबक तयार ठेवून वाट बघायची. त्या वर्षी दिवेलागणीला ती तबक घेऊन सरळ गच्चीवर गेली आणि चंद्रकोरीला ओवाळून आली.

मालिकेतला मामा तेवढा आला असता, तर आईने आणखी एक वर्ष वाट बघितली असती.