चौथीचा फर्मा

शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या बाईला मे-जूनमध्ये देवानेसुद्धा भेटायला येऊ नये. त्यालाही मी सांगीन, "बसा, आधी माप द्या." जरीपटक्याच्या बाजारामागे दुसऱ्या मजल्यावर माझं वर्कशॉप आहे. अठरा मशिनी, एक लांब कटिंग टेबल आणि खिडकीत दोन कूलर, जे हवा कमी आणि आवाज जास्त देतात. त्या सगळ्यांच्या वर माझा आवाज. मनीषनगरात आमची शेजारीण म्हणते, तुम्ही सकाळी कामावर निघालात की अख्खी सोसायटी शांत होते. म्हणू दे. आवाज नसता तर अठरा मशिनी चालल्या असत्या का?

तर झालं असं, की दोन वर्षांपासून आमचे कपडे परत येऊन राहिले होते. सगळे नाही, फक्त मुलींचे ट्युनिक. काखेत घट्ट, पोटावर घट्ट. ज्या शाळेवर आमचं निम्मं काम चालतं, तिथल्या मुख्याध्यापिका बाईंनी मागच्या जुलैत फोन केला. "पालकांच्या तक्रारी खूप आहेत हो. पुढच्या वर्षीही असंच झालं तर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल." इतक्या गोड आवाजात बोलल्या की मला दोन दिवस जेवण गेलं नाही. कोणी ओरडलं तर मला उत्तर देता येतं, गोड बोललं की मी गार.

दोष कोणाचा, हे मात्र मी लगेच ठरवून टाकलं. आमचे कटिंग मास्टर पहिल्या दिवसापासून माझ्यासोबत, पंचविसेक वर्षं झाली. लग्नाच्या पंगतीतसुद्धा गळ्यात टेप असलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हाच मी कापड कापायचं विजेचं मशीन आणलं, त्यावर एक ऑपरेटर बसवला आणि मास्टरांना कोपऱ्यातल्या चेकिंगच्या टेबलावर पाठवलं. आता हिशोब सरळ होता. मास्टरांची नजर गेली, चेकिंगमध्ये त्यांना काही दिसत नाही, म्हणून कपडे परत येतात. हे मी त्यांना तोंडावरही सुनावत होते, तेही सगळ्यांसमोर. ते ऐकून घेत आणि खाली बघून दोरे कापत बसत. येत्या जूननंतर त्यांना शाल-श्रीफळ देऊन घरी बसवायचं, असं मी मनात पक्कं केलं होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुझं तू बघ बाई," आणि पेपरचं पान उलटलं.

त्याच सुमारास एका कॉलेजच्या प्राध्यापक बाई आल्या. त्यांच्याकडे कपडे तयार करण्याची डिग्री आहे म्हणे, आणि शेवटचं वर्ष मुलींना खऱ्या वर्कशॉपमध्ये काढावं लागतं. डिग्री अप्रेंटिस. मी हसले. "आमच्याकडे सुई-दोरा आहे हो, डिग्रीचं इथं काय काम?" आमच्याकडे शिकाऊ म्हणजे जो चहा आणतो, चिंध्या झाडतो आणि थोडंफार शिकला की समोरच्या दुकानात पळून जातो. पण मग माझ्या डोक्यात चक्र फिरलं. ही मास्टरांकडून शिकून घेईल, मास्टर घरी जातील, चेकिंगचं टेबल हिच्या ताब्यात. एका दगडात दोन पक्षी. मी फॉर्मवर सही ठोकली.

दिवाळीनंतर ती आली. पंचवीस-सव्वीसची, कन्हानची. आयटीआय केलेलं, तीन वर्षं एका बुटीकमध्ये ब्लाउज शिवलेले, मग डिग्रीला गेलेली. हाताला काम माहीत होतं, पण मी तिला पहिल्याच दिवशी बटणं लावायला बसवलं. नव्या माणसाला जरा जमिनीवर ठेवावं, असा माझा नियम. दुपारपर्यंत ती मुकाट्याने लावत होती. मग म्हणाली, "मॅडम, खांद्याचं बटण इतकं खाली काहून लावतो आपण?"

"कारण तिथंच लावतात!"

तिने वही काढून काहीतरी लिहिलं. ती वही काय भानगड आहे, हे शनिवारी कळलं. कॉलेजची डायरी होती, आणि दर आठवड्याला मालकाची सही लागत होती. लिहिलं होतं: प्रश्न, बटण खाली का? उत्तर, कारण तिथंच लावतात. आणि त्याच्याखाली माझी सही हवी! म्हणजे माझं शहाणपण माझ्याच सहीने कॉलेजात जाणार. मी तिला थांबवलं आणि कोपऱ्यात मास्टरांकडे गेले. मास्टर मान वर न करता म्हणाले, "वर लावलं तर दप्तराचा पट्टा त्याच्यावर येते, ताई. दोन दिवसांत तुटते." मी ते उत्तर लिहायला लावलं आणि मग सही केली. पंचवीस वर्षं मी लाखभर बटणं लावून घेतली असतील, पण त्यामागचं कारण मला त्या शनिवारी समजलं.

मग दर शनिवारी तेच. हा धागा का, घडी अशीच का. मला अर्धी उत्तरं येत नव्हती, ती मास्टरांना येत होती. हळूहळू ती मुलगी आपला डबा घेऊन मास्टरांच्याच टेबलाशी जेवायला बसू लागली. मी म्हटलं, बरं आहे, शिकून राहिली आहे.

जानेवारीत डायरीत प्रश्न आला: परत आलेल्या कपड्यांचं आपण काय करतो?

"काय करतो म्हणजे? उसवतो, आतलं कापड सोडतो, परत पाठवतो."

"मोजत नाही?"

"परत आलेल्या मुडद्याचं काय मोजायचं वं?"

जिन्याखाली एक पोतं होतं, उशिरा परत आलेल्या ट्युनिकांचं. तिने ते ओतलं आणि दोन दिवस एकेक ट्युनिक फर्म्यावर ठेवून मोजला. फर्मा म्हणजे ज्याच्या कडेने खडू फिरवून कापड कापतात तो पुठ्ठ्याचा नमुना. आमच्या भिंतीवर खिळ्याला चौथीचा फर्मा टांगलेला असे, कडांना टेप लावलेला, जुना, तपकिरी. पहिली ऑर्डर मिळाली तेव्हा माझ्याकडे ना चार्ट होता ना अनुभव. माझी पोरगी चौथीत होती. तिला स्टुलावर उभी केली आणि माप घेतलं. त्याच फर्म्यावर वाढवत गेले की पाचवी-सहावी, कमी करत गेले की तिसरी-दुसरी. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मी तो दाखवत असे. "अर्धं नागपूर माझ्या पोरीच्या मापाचे कपडे घालते! पोरीवर घेतलेलं माप आहे, चुकूच शकत नाही." पोरगी आता बंगलोरला नोकरी करते, पण फर्मा खिळ्यावरच.

तर पोत्यातला एकेक ट्युनिक त्या फर्म्याशी तंतोतंत जुळला. शिलाई बरोबर, कटिंग बरोबर, चेकिंग बरोबर.

मी म्हटलं, "मग आजकालच्या पोरीच जाड झाल्या. दिवसभर चिप्स खातात मेल्या."

"असेल मॅडम. पण एकदम दोनच वर्षांत काहून? अन् अजून एक. मशीन आल्यापासून कापड वाचते, असं तुम्ही म्हणता. ते वाचलेलं कापड येते कुठून?"

कापड वाचतं, ही माझी शेखी होती, चार लोकांना सांगितलेली. कुठून वाचतं, हे कोणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती कन्हानहून, शेजारच्या घरातून, एक विटका ट्युनिक घेऊन आली. आमचाच, आमचं लेबल, चौथीचा, पण मशीन यायच्या आधीचा. तिने तो टेबलावर पसरून वर फर्मा ठेवला. ट्युनिक फर्म्याच्या बाहेर आला होता. एका बाजूला दोन सूत, म्हणजे पाव इंच. दुसऱ्या बाजूला दोन सूत. उलटून मागची बाजू पाहिली, तिथंही दोन्हीकडे दोन-दोन. सगळं मिळून पुरा एक इंच. मशीन वाचवत होतं ते कापड हेच.

मशिनी एकेक करून थांबल्या. मी कोपऱ्याकडे वळले. "मास्टर! इतकी वर्षं तुम्ही रेघेबाहेर कापत होतात?"

मास्टरांनी चष्मा काढून पुसला. "हो."

"काहून?"

"फर्मा घट्ट आहे ताई. मले पहिल्याच वर्षी समजलं. पण तुम्ही साऱ्या दुनियेले सांगून राहिल्या होत्या, पोरीचं माप आहे, चुकूच शकत नाही. मंग मी काय बोलू? मी खडू जरासा बाहेर धरत गेलो."

"मग मशीन आलं तेव्हा तरी सांगायचं!"

"तेव्हा तुम्ही मले टेबलावरून उठवलं. अन् सांगितलं असतं तर तुम्ही मले उभा फाडून खाल्ला असता."

कोणीतरी खुदकन हसलं. मला हसू आलं नाही. माझी चूक ज्याने एवढी वर्षं गुपचूप झाकली, त्याच माणसाला मी दोन वर्षं अठरा बायांसमोर आंधळा ठरवत होते, आणि जूनमध्ये नारळ देणार होते. अशी शरम मला जन्मात वाटली नव्हती. मी म्हटलं, "मास्टर, चुकलं माझं."

मागच्या रांगेतून आवाज आला, "ऐकू नाही आलं, ताई!"

माझा आवाज ऐकू आला नाही, असं त्या खोलीत पहिल्यांदाच झालं असेल. मी पुन्हा म्हटलं, या वेळी कूलरच्या वर. मास्टर उठले, कटिंग टेबलापाशी आले आणि कापडावरून हात फिरवत म्हणाले, "चहा सांगा मंग."

पुढचं सांगूनच टाकते. नवा फर्मा मास्टर आणि त्या मुलीने मिळून बनवला. काखेच्या गोलाईवरून त्यांची तीन दिवस भांडणं झाली, ती पुस्तक काढायची आणि मास्टर खडू. मशीन आहे, ऑपरेटर आहे, पण रेघ मास्टर आखतात. जूनमध्ये जिन्याखालच्या पोत्यात चिंध्या भरल्या, कारण दुसरं काही भरायला आलंच नाही. शाळेच्या बाईंचा फोन आला नाही. त्या मुलीचं वर्ष संपलं, तेव्हा दोन मोठ्या कारखान्यांतून तिला बोलावणं होतं. मी प्राध्यापक बाईंना आधीच सांगून ठेवलं होतं, पुढच्या वर्षी मला एक द्या, आणि तोंडाने फटकळ बघून द्या. ती गेली का राहिली, ते तिचं तिनं ठरवावं म्हणून मी पहिल्यांदाच गप्प बसले. ती राहिली. मास्टरांनी तिला म्हणे सांगितलं होतं, "अजून तुले काखेची गोलाई येत नाही."

पण नव्या फर्म्याआधीची गोष्ट राहिली.

ज्या दिवशी मास्टरांना चहा पाजला, त्याच संध्याकाळी मी पोरीला फोन लावला. सगळं सांगितलं. ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग म्हणाली, "आई, तो ट्युनिक मला तेव्हाही घट्टच होत होता."

"काय? मग बोलली काहून नाहीस?"

"तुझ्या तोंडात टाचण्या होत्या. ऑर्डरची घाई होती, तू सकाळपासून सगळ्यांवर ओरडत होतीस. मला म्हणालीस, हलायचं नाही. मी पोट आत ओढून, श्वास रोखून उभी राहिले. मला वाटलं, माप चुकलं तर माझ्यामुळे चुकेल."

मग तिनेच विचारलं, "आई, आहेस ना?" मी म्हटलं, आहे.

त्याच आठवड्यात आम्ही त्या शाळेत मुलींची मापं घ्यायला गेलो. मुख्याध्यापिका बाईंनी एक वर्ग दिला, एक शिक्षिका सोबत दिल्या. आमची अप्रेंटिस लिहायला बसली आणि टेप मी घेतली. चौथीच्या पोरींची रांग लागली. पहिली पुढे आली, दोन वेण्या, एक मोजा खाली घसरलेला. आली तशी ताठ उभी राहिली, पोट आत, ओठ घट्ट मिटलेले. मी टेप तिच्या भोवती धरली आणि थांबले.

खाली बसले, तिच्या उंचीला येईपर्यंत. जितका हळू येतो तितक्या हळू आवाजात म्हटलं, "श्वास सोड गं बाळा. मला काही घाई नाही."

तिने आधी शिक्षिकेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग सोडला. माझ्या बोटांमधून टेप एक इंच पुढे सरकली.