शाम्पूचं मूळ आणि आबांचं डोकं

इंग्रजी शब्दांचा इतिहास माहीत असल्यामुळे माझं आजवर एकदाही भलं झालेलं नाही.

बदनापूरच्या आमच्या घरी स्वातीला, म्हणजे माझ्या मुलीला, बघायला आष्टीची मंडळी आल्ती. मुलगा स्वातीला मनापासून आवडलेला. पण हो-नाही त्याच्या वडिलांच्या, आबांच्या हाती! बायकोनं सकाळीच बजावलं होतं, "आज मास्तरकी बिलकुल न्हाई!"

पोहे झाले आणि आबा सहज म्हणाले, "आजकालची पोरं निस्ता शाम्पू लावून राह्यली."

झालं! निवृत्त इंग्रजी मास्तरासमोर हे बोलायचं?

"आबा, शाम्पू आपलाच! हिंदीत 'चांपो' म्हणजे दाब, रगड. साहेबानं तो शब्द उचलला. आधी इंग्रजीत शाम्पू म्हणजे नुसती मालिश. डोकं धुणं मागाहून आलं!"

"हौ का? म्हंजे चंपीच की!"

"बराबर! थांबा, अस्सल शाम्पू दाखवतोच."

(सांगून भागलं होतं की! पण नाही.)

मी स्वयंपाकघरात गेलो. चष्मा बैठकीत, नाक सर्दीनं चोंदलेलं. ओट्यावरची तेलाची वाटी उचलली आणि आबांच्या पांढऱ्याशुभ्र केसांत रिकामी केली. रगड रगड रगडलं! आबांनी डोळे मिटले. "झकास, सर!" सोयरीक जमल्यात जमा होती.

मंग आबांनी हवा हुंगली. "सर, हिंगाचा वास कुठून येऊन राह्यला?"

आतून बायको ओरडली, "अहो, लोणच्याची फोडणी निवत ठेवल्ती, ती कुणी नेली?"

हिंग, मोहरी, हळद आणि वर तिखट! आबा ताडकन उठले. "आग! आग झाली हो!" मी घाईघाईनं पुसायला गेलो, तर तेच हात त्यांच्या डोळ्यांना लागले. नवरदेवाच्या आधी नवरदेवाच्या बापाला हळद लागली! पोरीचं लग्न मी माझ्या हातांनी, अगदी दोन्ही हातांनी मोडलं होतं.

स्वाती शाम्पूच्या पुड्या घेऊन धावली. "बाबा, तुम्ही आधी बाजूला व्हा! आबा, डोळे मिटा. हलायचं न्हाई!" न्हाणीत बसवून तिनं त्यांचं डोकं खसाखसा धुतलं. आबांनी सांगितल्याबरहुकूम डोळे मिटून मान पुढं केली.

ते बाहेर आले. डोळे लाल, केस पिवळे.

"सर, पोरगी पसंत हाये. मोठी खमकी हाये! फकस्त एक अट. लग्नात तुमच्या हाती माइक द्यायचा न्हाई."

"मान्य!" बायको आतूनच म्हणाली.

मला इतका आनंद झाला, इतका झाला, की राहवलंच नाही. "आबा, माइक हा शब्द मुळात..."

आबांनी दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.