दहावं कूपन

चहाचा नवा पुडा फोडला की तो कोरडा, नाकात शिरणारा वास मला थेट दोंडाईच्याच्या भाड्याच्या खोलीत नेऊन बसवतो. शिक्षिकेची पहिली नोकरी, अर्धा पगार घरी जायचा, आणि शाळा सुटल्यावर बोलायला कुणी नसायचं. तेव्हा चहाच्या पुड्यात कूपन निघायचं. दहा कूपनं दिली की दुकानदार अर्धा किलो साखर फुकट द्यायचा. माझ्या एकटीला एक पुडा दोन महिने पुरायचा, म्हणून मी समोरच्या अक्कांकडे कूपन मागितलं. त्याही एकट्याच, मुलं सुरतला. मग दर रविवारी त्या मला एक कूपन द्यायच्या, चहा पाजायच्या, स्वतः मात्र पित्त होतं म्हणून कधी घ्यायच्या नाहीत. कूपनं येतात कुठून, हे मी विचारलंच नाही. दहावं कूपन हातात पडलं त्या दिवशी अक्का म्हणाल्या, "पोरी, वरना डबा काढी दे." मी फळीवरचा डबा खाली घेतला, तर तो चहाने गच्च भरलेला. शेजारचे दोन्हीही तसेच. "अक्का, तुम्ही तर चहा पीत नाही!" त्या स्टोव्हला पंप मारत राहिल्या. मग म्हणाल्या, "पन कूपनसाठे तू येस ना." ती साखर मी कधीच आणली नाही, रविवारी मात्र जात राहिले. आता मी निवृत्त होऊन जळगावला राहते. गेल्या महिन्यात समोरच्या खोलीत एक मुलगी राहायला आलीय, एकटीच. तिला काय हवं असतं, तेवढं अजून कळलेलं नाही.